निकालावर पगार दिला तर मास्तर जास्त शिकवतील का?

गोव्यात दहावीचा निकाल लागला की एक चर्चा हमखास होते, बाजारात, कदंबा बसमध्ये, पालक शिक्षक संघाच्या मीटिंगमध्ये, की या मास्तरांना सातवा वेतन आयोग, मे महिन्याची सुट्टी, चवथीची सुट्टी, आणि पोरं शिकली काय न शिकली काय पगार तेवढाच. कंपनीत असते तर अप्रेजल झालं असतं! मग कुणीतरी म्हणतो की सरळ निकालावर पगार लावा ना, चांगला शिकवेल त्याला जास्त, नाही शिकवणार त्याला कमी. सगळे माना डोलावतात, चहा येतो, विषय संपतो.

विषय मात्र तिथे संपत नाही, कारण जगात हा प्रयोग दीडशे वर्षांपासून चाललाय आणि त्याचा सगळ्यात गाजलेला अनुभव आपल्या शेजारच्या देशातला पण नाही, आपल्याच देशातला आहे, आंध्र प्रदेशातला. तेव्हा जरा नीट बघूया.

आधी आत्ता पगार कसा ठरतो ते. सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिक्षक लागला की त्याची पे लेव्हल ठरते, मग दर वर्षी 3 टक्के इन्क्रिमेंट, वरून वाढता डीए, आणि ठरावीक वर्षं झाली की सिनियर स्केल, पुढे सिलेक्शन. यात वर्गातल्या पोराला भागाकार येतो की नाही हा प्रश्न कुठेच येत नाही. गोपनीय अहवाल असतो, पण त्यात बहुतेकांना 'बरा'च्या वरचा शेरा मिळतोच, हेडमास्तरही शेवटी त्याच स्टाफरूममध्ये चहा पिणार असतो. म्हणजे दोन शिक्षक, एक जीव तोडून शिकवणारा आणि एक तास ढकलणारा, एकाच दिवशी लागले असतील तर वीस वर्षांनी त्यांची सॅलरी स्लिप जवळजवळ सारखी. हे खटकतं, आणि खटकायलाच पाहिजे. सगळ्यात जास्त ते त्या जीव तोडून शिकवणाऱ्याला खटकतं, फक्त तो बोलून दाखवत नाही.

आता 'परफॉर्मन्स' म्हणजे नक्की काय मोजायचं, खरी गोम इथेच आहे, पैसे किती द्यायचे हा नंतरचा प्रश्न. मोजण्याच्या साधारण तीन पद्धती आहेत. एक म्हणजे शिक्षक शाळेत आला की नाही. दुसरी, पोरं किती पास झाली, किती टक्के निकाल लागला. आणि तिसरी, मूल वर्षाच्या सुरुवातीला कुठे होतं आणि शेवटी कुठे पोचलं, म्हणजे मधली वाढ किती. बाहेरून तिन्ही सारख्याच वाटतात पण तिन्हीचे परिणाम एकदम वेगळे.

हजेरीचं उदाहरण राजस्थानातलं. उदयपूरच्या आसपास सेवा मंदिर नावाची संस्था खेड्यापाड्यात एकशिक्षकी अनौपचारिक शाळा चालवते, तिथे मास्तर येतच नसत, जवळजवळ 42 टक्के दिवस गैरहजर. मग अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी योजना केली की शिक्षकाला कॅमेरा द्यायचा, फोटोवर तारीख आणि वेळ छापून येणार, ती बदलता येणार नाही, सकाळी मुलांबरोबर एक फोटो आणि शाळा सुटताना एक. 21 दिवस भरले तर 1000 रुपये, त्यावर प्रत्येक दिवसाला 50 जास्त, कमी भरले तर दिवसाला 50 कट, पण 500 च्या खाली जायचं नाही. गैरहजेरी अर्ध्यावर आली, 21 टक्क्यांवर, आणि पोरांचे मार्कही वाढले. तिथले शिक्षक कंत्राटी होते, संस्थेचे होते, हे मात्र लक्षात ठेवा, कारण हेच पक्क्या नोकरीवाल्यांना लावायला गेलात तर दुसऱ्या दिवशी पणजीत मोर्चा. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडचं दुखणं हजेरीचं तेवढं नाहीच, गोव्यात अंतरं ती केवढी, मास्तर येतो. आल्यावर काय होतं तो प्रश्न आहे.

दुसरी पद्धत, निकालाची, ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात वाईट. 1862 साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्याने शाळांच्या ग्रांटसाठी नवा नियम आणला. मुलामागे थोडी रक्कम हजेरीची आणि मोठी रक्कम, 8 शिलिंग, परीक्षेची. इन्स्पेक्टर येणार, वाचन, लेखन, गणित तपासणार, एका विषयात मूल नापास झालं की 2 शिलिंग 8 पेन्स कापले. लो साहेबाचं म्हणणं असं की ही पद्धत महाग पडली तर निदान काम तरी होईल आणि काम नाही झालं तर स्वस्त तरी पडेल, हिशेबी माणूस! झालं काय, तर मास्तरांनी वाचनाचं पुस्तक पोरांकडून अख्खं पाठ करून घेतलं. पुस्तक उलटं धरलं तरी पोर धडाधड 'वाचायचं' असे किस्से सांगतात. इतिहास, भूगोल वगैरे ज्याला पैसे नाहीत ते मागे पडलं. तीसेक वर्षांनी, 1890 च्या दशकात, इंग्लंडने ते गुंडाळलं. तोवर ब्रिटिशांनी तीच रिझल्ट ग्रांटची पद्धत मुंबई आणि मद्रास इलाख्यात आणून ठेवलेली. गोवा पोर्तुगीजांकडे असल्यामुळे आपण त्यातून वाचलो, आपल्या नशिबी वेगळं काही होतं.

तुम्ही म्हणाल ही जुनी गोष्ट झाली. बरं, मग 2017 ची घ्या. महाराष्ट्र सरकारने त्या वर्षी ऑक्टोबरात जीआर काढला की शिक्षकाला वरिष्ठ श्रेणी आणि निवड श्रेणी, म्हणजे वर सांगितलेलं सिनियर आणि सिलेक्शन स्केल, पाहिजे असेल तर शाळा 'प्रगत' पाहिजे, शाळासिद्धीत, म्हणजे शाळांच्या मूल्यांकनात, 'अ' श्रेणी पाहिजे, आणि नववी-दहावीला शिकवणाऱ्यांच्या वर्गाचा निकाल 80 टक्क्यांच्या वर पाहिजे. शिक्षक संघटना भडकल्या, शाळेला 'अ' श्रेणी मिळण्यात इमारत, कंपाउंड, संडास हे सगळं येतं, आणि कंपाउंडची भिंत नाही म्हणून गणिताच्या बाईंची बारा वर्षांची श्रेणी अडकली तर त्यांनी भिंत बांधायची की गणित शिकवायचं? दोनेक वर्षांत, 2019 मध्ये, ती अट काढून टाकावी लागली.

आणि निकालाला पैसे लावले की आणखी एक होतं ते पालकांनी समजून घ्यायला हवं, कारण त्यात तुमचंच पोर सापडतं. निकाल म्हणजे पास झालेले भागिले बसलेले. मग निकाल वाढवायचे दोन रस्ते, एक तर जास्त पोरं पास करा, किंवा कच्ची पोरं बसूच देऊ नका. दुसरा सोपा. नववीत अडकवा, पालकांना बोलावून 'दुसरी शाळा बघा, प्रायव्हेट फॉर्म भरा' असं गोड बोलून सांगा. पैसे नसतानाही, नुसत्या '100 टक्के निकाल' अशा बॅनरसाठी हे काही ठिकाणी चालतं हे आपल्यात कुणाला माहीत नाही? गोवा बोर्डाचा दहावीचा निकाल अलीकडे 90 टक्क्यांच्या वरच असतो, त्यामुळे तसंही निकालाच्या आकड्यावरून चांगला शिक्षक आणि ठीकठाक शिक्षक वेगळा काढणं कठीणच, फरक राहतो तो शेवटच्या पाचसात पोरांचा, आणि बोनस लावला की नेम बरोबर त्याच पाचसात पोरांवर धरला जाणार.

अमेरिकेत तर मार्कांच्या दबावाखाली मास्तरांनीच खोडरबर हातात घेतला. अटलांटा शहरात 2009 च्या परीक्षेत चुकीची उत्तरं खोडून बरोबर केल्याचं उघडकीला आलं, 2011 च्या चौकशी अहवालात 44 शाळांतल्या 178 जणांची नावं आली, मुख्याध्यापकांसकट, आणि 2015 मध्ये कोर्टाने 11 जणांना दोषी ठरवलं. तिथे टार्गेट गाठलं की बोनस होता आणि नाही गाठलं तर नोकरीवर गदा.

पोर्तुगालचा अनुभव तर गोयकारांनी मुद्दाम वाचावा. 2007 च्या सुमारास तिथल्या सरकारने शिक्षकांच्या करिअरचे टप्पे पाडले, मूल्यमापन कडक केलं, बढती त्याला जोडली. मार्च 2008 मध्ये लिस्बनच्या रस्त्यावर लाखभर शिक्षक उतरले. पेद्रो मार्तिन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने नंतर आकडे तपासले तर दिसलं की राष्ट्रीय परीक्षेत मुलांची कामगिरी उलट घसरली आणि शाळेने दिलेले इंटर्नल मार्क त्या मानाने फुगले. आपल्याकडे इंटर्नलचं काय असतं ते इथे लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे.

आता तिसरी पद्धत, वाढ मोजण्याची, आणि इथे जरा थांबूया कारण इथेच काहीतरी हाताला लागतं.

2005 पासून आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या दोघांनी राज्य सरकार, अझीम प्रेमजी फाउंडेशन आणि जागतिक बँक यांच्या मदतीने मोठा प्रयोग केला. सरकारी प्राथमिक शाळा, 500. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा शाळा वाटल्या, 100 शाळांत प्रत्येक शिक्षकाला स्वतःच्या मुलांच्या प्रगतीवर बोनस, 100 शाळांत अख्ख्या शाळेला मिळून बोनस, 100 शाळांत एक जादा कंत्राटी शिक्षक, 100 शाळांना साहित्यासाठी रोख रक्कम, आणि उरलेल्या 100 शाळांत काहीच नाही, तुलनेसाठी. सूत्र साधं होतं, वर्षाच्या सुरुवातीच्या परीक्षेपेक्षा शेवटच्या परीक्षेत सरासरी जितके टक्के वाढली त्यातले पहिले 5 सोडून पुढच्या प्रत्येक टक्क्याला 500 रुपये. पगार कुणाचाच कापला नाही. सरासरी बोनस वर्षाच्या पगाराच्या 3 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आपल्या एका इन्क्रिमेंटएवढा. परीक्षा शाळेने घेतली नाही, बाहेरच्या माणसांनी घेतली, आणि पेपरात घोकून येणारे प्रश्न होते तसे डोकं लावायला लागणारेही होते.

दोन वर्षांनी बोनसवाल्या शाळांतली मुलं गणितात 0.27 आणि भाषेत 0.17 स्टँडर्ड डेव्हिएशनने पुढे होती. हे आकडे ऐकून काही बोध होत नाही म्हणून असं समजा की 100 मुलं गुणवत्तेप्रमाणे रांगेत उभी केली, तर बरोबर मधलं, म्हणजे 50 मुलांच्या पुढे असलेलं मूल, गणितात साधारण 60 मुलांच्या पुढे गेलं आणि भाषेत 56-57 च्या. चमत्कार नाही, पण एवढ्या थोड्या पैशात शिक्षण खात्याच्या योजनांतून सहसा एवढंही होत नाही. घोकंपट्टीच्या आणि समजून सोडवायच्या, दोन्ही प्रश्नांत वाढ झाली. ज्या विषयांना बोनस नव्हता, विज्ञान आणि समाजशास्त्र, त्यातही ही मुलं पुढे होती. आणि त्याच पैशात जादा शिक्षक किंवा साहित्य दिलेल्या शाळांपेक्षा बोनसवाल्या शाळा सरस ठरल्या.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटली ती वेगळीच, शिक्षकांची गैरहजेरी कमी झाली नाही! तेवढेच दिवस यायचे, पण आलेल्या दिवशी जास्त शिकवायचे, गृहपाठ जास्त, सराव पेपर जास्त, शाळा सुटल्यावर कच्च्या पोरांना बसवून घेणं जास्त. पुढे पाच वर्षांचे आकडे आले तेव्हा एकेका शिक्षकाला दिलेला बोनस टिकून काम करत होता, अख्ख्या शाळेला मिळून दिलेला मात्र ढिला पडला, कारण कितीही छोटी शाळा असली तरी एक आयतोबा निघतोच.

केनियात असाच प्रयोग झाला तिथे मार्क वाढले आणि नंतर विरून गेले, शिक्षकांनी परीक्षेच्या तयारीचे जादा तास घेतले पण बाकी शिकवण्यात फरक नाही. अमेरिकेत नॅशविलला गणिताच्या शिक्षकांना वर्षाला 15,000 डॉलरपर्यंत बोनसची लालूच दाखवली, तीन वर्षं, हाती विशेष काही लागलं नाही. न्यूयॉर्कने 2007 ते 2010 शाळांना मिळून बोनस वाटले, करोडो डॉलर गेले, मार्क हलले नाहीत, योजना बंद.

म्हणजे एकच औषध एका गावात लागू पडलं, दुसऱ्यात नाही. का? माझ्या मते दोन कारणं. एक, आंध्रात शिक्षकाच्या हातात अजून काढण्यासारखं बरंच शिल्लक होतं, जो मुळात कमी शिकवतोय तो थोड्या पैशात जास्त शिकवू शकतो, पण जो आधीच पूर्ण जोर लावतोय त्याला 15,000 डॉलर दाखवून काय होणार, त्याला जास्त चांगलं शिकवायचं कसं हेच कळत नसेल तर पैसे बघून ते कळत नाही. दुसरं, आंध्रचं सूत्र शिक्षकाला डोळ्यासमोर दिसत होतं, एका मुलाचे मार्क वाढले की माझे इतके रुपये, आणि कच्च्या मुलाची वाढ हुशार मुलाच्या वाढीएवढीच मोलाची. पास-नापासची रेघच नाही म्हटल्यावर रेघेजवळच्या पोरांवरच जोर द्यायचा आणि बाकीची सोडून द्यायची असं होत नाही.

मग लावूया का गोव्यात? इथे माझी वहिनी येते. ती सत्तरी तालुक्यात सरकारी प्राथमिक शाळेत आहे, पहिली ते चौथी एकाच खोलीत, शिक्षक ती एकटीच. मी तिला हे सूत्र समजावून सांगितलं तर म्हणाली, "भावोजी, माझ्या शाळेत सगळी मिळून आठ पोरं, तुमची सरासरी कसली काढताय?"

आणि बाईचा मुद्दा पक्का आहे, हिशेब करून बघा. समजा आठ मुलांची गणिताची सरासरी सुरुवातीला 42 होती, शेवटी 51 झाली. 9 ची वाढ, त्यातले 5 सोडून 4, गुणिले 500, म्हणजे 2000 रुपये. आता परीक्षेच्या दिवशी त्यातल्या एका पोराला ताप होता आणि 60 मिळवणारा तो 20 मिळवून आला. 40 मार्क गेले, भागिले आठ, सरासरी 5 ने खाली, 46. वाढ फक्त 4, बोनस शून्य. वर्षभराची मेहनत तीच, शिक्षिका तीच, ताप एकाला. हेच 40 मुलांच्या वर्गात झालं असतं तर सरासरी फक्त 1 ने खाली आली असती, 2000 चे 1500 झाले असते, चाललं असतं. पट कमी असला की आकडा शिक्षकाचं कसब मोजत नाही, नशीब मोजतो. आणि आपल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांची पटसंख्या कशी आटत चाललीय, किती शाळांना कुलूप लागलं नाहीतर शेजारच्या शाळेत विलीन झाल्या, हे वेगळं सांगायला नको. सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोडा, जिथे शिक्षकाच्या मेहनतीची सगळ्यात जास्त गरज तिथेच हे गणित मोडतं.

किनाऱ्याकडच्या शहरी शाळांत पट आहे, पण तिथे दुसरी भानगड. वास्को, म्हापसा, मडगाव इथल्या सरकारी शाळांत कामगारांची मुलं येतात, घरी कन्नड नाहीतर हिंदी, बापाचं साईटवरचं काम संपलं की वर्षाच्या मध्येच कुटुंब गाव बदलतं. वर्षाच्या सुरुवातीला परीक्षा दिलेलं मूल शेवटी वर्गात नाही, शेवटी असलेलं सुरुवातीला नव्हतं. आणि हायस्कूलमध्ये ट्यूशन! दहावीतलं पोर संध्याकाळी क्लासला जातं, मार्क वाढले ते शाळेतल्या सरांमुळे की क्लासवाल्यामुळे, बोनस कुणाच्या खात्यात टाकायचा? शिक्षण हक्क कायद्याच्या 28 व्या कलमाने शिक्षकाला खाजगी ट्यूशनची बंदी आहे, पण क्लासवाल्याला नाही.

त्याच कायद्याचं 27 वं कलम सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं बाहेरचं काम देऊ नका. सोडून! म्हणजे तीच कामं जी सगळ्यात जास्त दिवस खातात. बीएलओ म्हणून मतदार यादी घेऊन मास्तर दारोदार फिरला आणि वर्गाची सरासरी घसरली तर त्याचा बोनस कापणार कोण, निवडणूक आयोग?

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शिक्षकांच्या पगारवाढीला आणि बढतीला गुणवत्तेची जोड द्या असं म्हटलंय, त्यामुळे हा विषय आज ना उद्या फाईलवर येणार. पण धोरणात निकष दिलेत ते सहकाऱ्यांचं मत, हजेरी, कामाची निष्ठा, प्रशिक्षणाचे तास, शाळेची आणि समाजाची सेवा असे. मुलांच्या मार्कांवर पगार लावा असं त्यात नाही. यात मला भीती वेगळीच वाटते, 'निष्ठा' कोण मोजणार? गोव्यासारख्या छोट्या राज्यात जिथे प्रत्येक जण प्रत्येकाच्या मेहुण्याला ओळखतो तिथे निष्ठेचे मार्क आमदाराच्या ऑफिसातून येऊ नयेत एवढीच अपेक्षा. मार्कांचा आकडा कितीही आंधळा असला तरी तो निदान वशिला विचारत नाही.

तरी करायचंच म्हटलं तर मला वाटतं ते असं. मूळ पगाराला हात लावायचा नाही, वरचा छोटा बोनस. दहावीच्या निकालावर अजिबात नाही. तिसरी ते सातवीच्या वर्गांत, वाढीवर, आणि जिथे पट निदान वीस-पंचवीसच्या वर आहे तिथेच. छोट्या शाळांसाठी एका वर्षाच्या आकड्यावर न जाता तीन वर्षांची सरासरी, किंवा सरळ दुर्गम भागाचा भत्ता, वहिनीचं मत अर्थातच भत्त्याच्या बाजूने. आणि दोन्ही परीक्षा, सुरुवातीची आणि शेवटची, शाळेबाहेरच्या माणसांनी घ्यायच्या, त्यांनीच तपासायच्या, नाहीतर सुरुवातीची परीक्षा मुद्दाम कठीण आणि शेवटची सोपी होणार, कुणीही करेल, मीपण करेन.

ही बाहेरची माणसं आणायची तर त्यांचा पगार, प्रवासखर्च, पेपर छपाई, आकडे भरणारी सिस्टीम, तक्रार आली तर फेरतपासणी. आंध्रातला बोनस वर्षाच्या पगाराच्या 3 टक्के होता, तो मोजण्यासाठी दर वर्षी किती खर्च करायची तयारी आहे हा प्रश्न पर्वरीला सचिवालयात फाईल गेली की वित्त खातं पहिल्याच दिवशी विचारणार.